अर्थ न सांगितलेल्या गोष्टी

शेजाऱ्यावर प्रेम करायचे, तर शेजारी नेमका कोण, असा सरळ प्रश्न एका शास्त्र्याने येशूला विचारला होता. प्रश्न कायद्याचा होता आणि कायद्याचेच उत्तर देता आले असते. आपल्या गावातला, आपल्या गोतातला, आपल्या धर्मातला, अशी कुठेतरी हद्द आखून मोकळे होता आले असते. येशूने त्याऐवजी एक गोष्ट सांगितली. यरुशलेमहून यरीहोला जाणारी वाट सत्तावीसेक किलोमीटरांत सुमारे हजार मीटर खाली उतरते. उजाड डोंगरांतली ही वाट ऐकणाऱ्यांच्या पायाखालची होती. त्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला अर्धमेला करून टाकले. याजक आला, बघून पलीकडून निघून गेला. लेवी आला, त्यानेही तेच केले. तिसरा आला तो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांशी पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर असलेल्या जमातीतला. त्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले आणि दुसऱ्या दिवशी निघताना मालकाच्या हातावर दोन दीनार ठेवले.

गोष्ट संपल्यावर येशूने प्रश्नच फिरवला. या तिघांपैकी त्या माणसाचा शेजारी झाला कोण? आता उत्तर द्यायची पाळी शास्त्र्यावर आली. ‘शोमरोनी’ हा शब्द मात्र त्याच्या तोंडातून निघाला नाही. ज्याने दया केली तो, एवढेच तो बोलला. लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला हा प्रसंग पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा आहे, कारण ख्रिस्ती धर्मात गोष्ट कोणते काम करते ते इथे उघड दिसते. माहिती मागायला आलेला माणूस गोष्ट ऐकून निघतो तेव्हा माहितीपेक्षा त्याची स्वतःची जागा बदललेली असते.

मराठी वाचकाला दृष्टान्ताचे शास्त्र नवे नाही. चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टान्त तेराव्या शतकात केशिराजबासांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. त्यात आधी सूत्र येते, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीचा सिद्धान्ताशी घातलेला मेळ. या मापाने येशूचे दृष्टान्त तपासले तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. सूत्र असलेच तर अगदी त्रोटक असते, देवाचे राज्य अमुक एका वस्तूसारखे आहे एवढेच. दार्ष्टान्तिक तर बहुतेक ठिकाणी गाळलेले असते. ती जागा ऐकणाऱ्याने भरायची असते, आणि भरताना तो स्वतः गोष्टीत सापडतो. ख्रिस्ती कथेचे आणि प्रतिमेचे सगळे बळ या मोकळ्या जागेत आहे असे मला वाटते. दोन हजार वर्षांत उपदेशक, धर्मपंडित, चित्रकार आणि कवी यांनी त्या जागेचे काय केले, याचाच हा आढावा आहे.

ही रीत येशूने शून्यातून काढली नव्हती. इस्राएलच्या संदेष्ट्यांना ती चांगली अवगत होती. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवले, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात येऊन राजाला एक तक्रार सांगावी तशी गोष्ट सांगतो. एका गरिबाची एकच मेंढी होती. ती त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या कुशीत निजे, त्याला ती मुलीसारखी होती. शेजारी श्रीमंत माणूस, कळपांचा धनी. त्याच्याकडे पाहुणा आला तेव्हा आपल्या कळपाला हात न लावता त्याने गरिबाची ती मेंढी कापली. दावीद संतापतो. हा माणूस मरणाला पात्र आहे, चौपट भरपाई झाली पाहिजे, असा निवाडा देऊन मोकळा होतो. मग नाथान दोनच शब्दांत सांगतो की तो माणूस तूच आहेस. इथे दार्ष्टान्तिक उघड सांगितले आहे, पण राजाने स्वतःविरुद्ध निकाल दिल्यानंतर. आरोप समोरून केला असता तर राजाने बचाव केला असता. गोष्टीपुढे त्याच्याजवळ बचाव उरला नाही. यशयाचे द्राक्षमळ्याचे गीतही असेच चालते. मळ्याची निगा राखूनही त्याला रानटी द्राक्षे आली, आता तुम्हीच न्याय करा, असे तो ऐकणाऱ्यांना म्हणतो, आणि मग तो मळा म्हणजे तुम्हीच, हे कळते.

ज्या धर्माने देवाची मूर्ती करायला सक्त मनाई केली, त्याच धर्माच्या ग्रंथांत देवाच्या शब्दप्रतिमांची एवढी गर्दी आहे, हे लक्षात ठेवायला हवे. मेंढपाळ, खडक, कुंभार, दगा दिलेला नवरा, पिल्लांवर घिरट्या घालणारा गरुड, लेकराला न विसरणारी आई. एकच प्रतिमा असती तर तिचीच मूर्ती झाली असती. पुष्कळ असल्यामुळे एक दुसरीला अपुरी ठरवत राहते.

आता येशूच्या सर्वांत प्रसिद्ध दृष्टान्ताकडे वळू. ‘उधळ्या पुत्र’ हे त्याचे रूढ नाव अर्ध्याच गोष्टीचे आहे, आणि त्यामुळे उरलेली अर्धी गोष्ट बहुतेकांच्या कानांवरून निघून जाते. लूकने पंधराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच प्रसंग दिला आहे. जकातदार आणि पापी लोक येशूभोवती जमत होते आणि परूशी कुरकुर करत होते की हा असल्यांच्या पंगतीला बसतो. त्यांना येशू एकापाठोपाठ एक तीन गोष्टी सांगतो. पहिलीत मेंढपाळ हरवलेले मेंढरू शोधतो. दुसरीत एक बाई दिवा लावून, घर झाडून हरवलेले नाणे शोधते. देवाच्या जागी एक झाडू मारणारी बाई येते आणि येशूला त्यात काही वावगे वाटत नाही. इथे वाचकाने क्षणभर थांबायला हवे. तिसरी गोष्ट दोन मुलांची.

धाकटा बापाच्या हयातीतच वाटणी मागतो. केनेथ बेली या अभ्यासकाने आयुष्याचा मोठा काळ मध्यपूर्वेत काढला होता. तिथल्या खेड्यांतल्या माणसांना तो विचारत असे की असे कोणी मागते का, आणि लोक सांगत की अशी मागणी म्हणजे बाप मरावा असे म्हणणेच. १९७६ साली आलेल्या त्याच्या पुस्तकाने या दृष्टान्ताचे वाचन पुष्कळ बदलले. मराठी खेड्यातल्या माणसाला त्यासाठी पुस्तकाची गरज नव्हती. जमिनीची वाटणी, बापाचा मान आणि गाव काय म्हणेल, या गोष्टी त्याला आपसूक कळतात. मुलगा दूर देशी सगळे उधळतो, दुष्काळ पडतो, डुकरे राखायची पाळी येते. यहुदी माणसाला याहून खालची पायरी नाही. परत निघताना तो मनात भाषण तयार करतो आणि त्याचा शेवट असा योजतो की मला मुलगा समजू नका, मजूर म्हणून ठेवा. बाप त्याला दुरूनच पाहतो आणि धावतो. घरातल्या कर्त्या, वयस्क माणसाने अंगरखा सावरत भर वाटेवर धावायचे नसते. तरी तो धावतो, गळ्यात पडतो, आणि मुलाचे पाठ केलेले शेवटचे वाक्य निघायच्या आतच झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो.

थोरला तेव्हा शेतात असतो. घराजवळ आल्यावर त्याला गाण्या-नाचण्याचा आवाज येतो. तो आत जात नाही, एका गड्याला बोलावून काय चालले आहे ते विचारतो आणि रागाने बाहेरच उभा राहतो. बाप दुसऱ्यांदा घराबाहेर येतो, या वेळी थोरल्यासाठी. थोरला भावाला भाऊ म्हणत नाही, हा तुमचा मुलगा असे म्हणतो. बाप उत्तरात त्याला तुझा भाऊ म्हणून त्याच्याकडे परत करतो. आणि इथे गोष्ट थांबते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही. सांगू शकत नाही, कारण थोरला तिथे समोरच उभा आहे, कुरकुर करणाऱ्या परूश्यांच्या रूपाने. त्याच्या पुढच्या पावलावर गोष्टीचा शेवट अवलंबून आहे.

रेम्ब्राँने १६६८ च्या सुमारास, मरणाच्या थोडे आधी, हा प्रसंग रंगवला. चित्र सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. गुडघे टेकलेल्या मुलाचे डोके भादरलेले आहे, पायातला जोडा गळून पडला आहे, तळवा उघडा दिसतो. म्हाताऱ्या बापाचे दोन हात त्याच्या पाठीवर आहेत. उजव्या बाजूला, उंच, ताठ, हात एकावर एक ठेवून जो उभा आहे तो थोरला असे सहसा मानले जाते. मूळ गोष्टीत थोरला या भेटीच्या वेळी शेतात होता. रेम्ब्राँने त्याला चित्रात आणून ठेवले. शास्त्रापेक्षा वेगळे केले, पण गोष्ट त्याला पुरती कळली होती. पाहणारा चित्रासमोर उभा राहतो तेव्हा त्याची उभे राहण्याची तऱ्हा थोरल्यासारखीच असते.

सगळेच दृष्टान्त असे मोकळे नाहीत, हेही मान्य केले पाहिजे. पेरणाऱ्याच्या दृष्टान्ताला मार्कच्या चौथ्या अध्यायात सविस्तर अर्थ जोडला आहे. वाट म्हणजे कोण, खडकाळ जमीन म्हणजे कोण, काटे म्हणजे काय. त्याच अध्यायात याहून अवघड असे एक वचन आहे. बाहेरच्यांना सगळे दृष्टान्तांत सांगितले जाते ते त्यांनी पाहूनही पाहू नये म्हणून, असा त्याचा आशय. दृष्टान्त सोपे करून सांगण्यासाठी असतात, हा आपला समज इथे मोडतो. दृष्टान्त उघडतो तसा झाकतोही. ऐकणारा आत शिरायला तयार नसेल तर त्याच्या हाती नुसती शेताची गोष्ट उरते.

आरंभीच्या चर्चला मात्र मोकळी जागा फार काळ सोसली नाही. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या परंपरेतल्या ओरिजेनने शोमरोन्याच्या दृष्टान्ताचा जो अर्थ नोंदवला तो असा: वाटसरू म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे नंदनवन, यरीहो म्हणजे जग, लुटारू म्हणजे दुष्ट शक्ती, याजक म्हणजे नियमशास्त्र, लेवी म्हणजे संदेष्टे, शोमरोनी म्हणजे ख्रिस्त आणि उतारशाळा म्हणजे चर्च. ऑगस्टीनने त्यात उतारशाळेचा मालक म्हणजे प्रेषित पौल, अशीही भर घातली. या वाचनाला हसणे सोपे आहे, पण ते योग्य नाही. त्यात एक खरा अनुभव आहे. ख्रिस्ती माणूस आधी स्वतःला वाटेवर पडलेला जखमी म्हणून ओळखतो आणि नंतर दुसऱ्यांना मदत करायला उठतो. पण किंमतही मोजावी लागली. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त म्हटल्यावर तो परका, नकोसा शोमरोनी उरला नाही, आणि शास्त्र्याला झालेला त्रास पुढच्या वाचकांना झाला नाही. मध्ययुगात तर शास्त्रवचनाचे चार अर्थ ठरून गेले. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन कॅसियनने दिलेल्या उदाहरणात यरुशलेम म्हणजे शब्दार्थाने यहुद्यांचे नगर, रूपकाने चर्च, नीतीच्या दृष्टीने जीवात्मा आणि अंतिम अर्थाने स्वर्गीय नगरी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मन पंडित अडॉल्फ यूलिशर याने हे सारे रूपकाचे बांधकाम पाडले. प्रत्येक दृष्टान्तात तुलनेचा मुद्दा एकच असतो, बाकीचा तपशील गोष्टीसाठी असतो, असे त्याने मांडले. पण तो एक मुद्दाही त्याच्या हाती बहुधा सर्वसामान्य नीतिवचन होऊन बसला. सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये आणि योआखिम येरेमियास यांनी १९४७ मध्ये दृष्टान्त परत येशूच्या काळात, त्याच्यापुढच्या वादांत आणि संकटांत नेऊन ठेवले. अभ्यासकांचे हे काम मोलाचे आहे. तरी मला त्याहून जवळचा वाटतो तो निकाराग्वामधला सोलेन्तिनामे बेटांवरचा प्रयोग. एर्नेस्तो कार्देनाल हा कवी असलेला पाद्री तिथे राहत होता. रविवारी तो प्रवचन देत नसे. शुभवर्तमानाचा भाग वाचला जाई आणि कोळी, शेतकरी त्यावर बोलत. ती संभाषणे त्याने १९७० च्या दशकात ग्रंथरूपाने छापली. १९७७ मध्ये हुकूमशहा सोमोझाच्या सैनिकांनी ती वसाहत उद्ध्वस्त केली. दृष्टान्ताची मोकळी जागा भरण्याचा हक्क ज्यांचा होता, त्यांना तो तिथे मिळाला.

इथे एक शंका साहजिक येते. मग ख्रिस्ती धर्म म्हणजे नुसत्या अर्थपूर्ण गोष्टीच का? क्रूस आणि पुनरुत्थान हेही दृष्टान्तच का? पौलाचे उत्तर स्पष्ट आहे. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असे तो करिंथच्या मंडळीला कळवतो. उधळ्या पुत्राचा बाप प्रत्यक्षात कोणत्या गावी राहत होता हे कोणी विचारत नाही. पण पंतय पिलाताचे नाव विश्वासांगीकारात येते, ते ही घटना अमक्या अधिकाऱ्याच्या अमदानीत घडली हे ठासून सांगण्यासाठी. रुडॉल्फ बुल्टमान यांनी १९४१ मध्ये मांडले की नव्या कराराचे पुराणकथेचे वस्त्र उतरवून त्यातला माणसाला केलेल्या आवाहनाचा गाभा घ्यावा. दहा वर्षे आधी, सप्टेंबर १९३१ मध्ये, ऑक्सफर्डला सी. एस. लुईस, टोल्किन आणि ह्यूगो डायसन रात्री उशिरापर्यंत फिरत याच विषयावर बोलले होते. लुईसला मरून उठणाऱ्या देवांच्या कथा भुरळ घालत, पण त्या खऱ्या वाटत नसत. येशूची कथाही तशीच आहे, फक्त ती खरोखर घडली, या विचाराने त्याचा अडसर दूर झाला. मला लुईसची बाजू पटते. शब्द देह झाला, हा ख्रिस्ती श्रद्धेचा कणा असेल, तर सत्य आणि गोष्ट यांची फारकत इथे करता येत नाही. एक माणूस जेवला, थकला, रडला, मारला गेला. सिद्धान्त नंतर आले, आणि ते या गोष्टीचे दार्ष्टान्तिक म्हणून आले.

चित्रांची कहाणीही याच कण्याभोवती फिरते. युफ्रेटिसकाठच्या दुरा-युरोपस या गावात एक राहते घर तिसऱ्या शतकात प्रार्थनाघर बनले. सुमारे २५६ साली ससानी फौजेने गाव जिंकले. वेढ्याच्या तयारीत तटालगतची घरे मातीने भरली होती, म्हणूनच त्या भिंती टिकल्या आणि १९३० च्या दशकात उत्खननात बाहेर आल्या. चित्रे आता अमेरिकेत येल विद्यापीठाकडे आहेत. बाप्तिस्म्याच्या कुंडावर खांद्यावर मेंढरू घेतलेला मेंढपाळ आहे, कोपऱ्यात आदाम आणि हव्वा अगदी लहान. बाजूच्या भिंतीवर पक्षाघाती माणूस आपली खाट उचलून चालतो आहे, पेत्र पाण्यावर पाऊल टाकतो आहे, आणि हातात दिवे घेतलेल्या बायका चालल्या आहेत. त्या कबरीकडे निघाल्या आहेत की लग्नघराकडे, यावर अजून वाद आहे. ही चित्रे सजावटीची नव्हती. बाप्तिस्मा घेणारा पाण्यात उतरे तेव्हा तो या मिरवणुकीतलाच एक होई.

रोमच्या भूमिगत दफनगृहांतही मेंढपाळ, योना, अग्निकुंडातले तीन तरुण दिसतात, क्रूस दिसत नाही. क्रूसावर टांगणे ही गुलामांची आणि बंडखोरांची शिक्षा होती. ती डोळ्यांनी पाहिलेल्या पिढ्यांना तिचे चित्र काढवत नव्हते. रोमच्या सान्ता साबिना चर्चच्या लाकडी दारावर, ४३० च्या सुमारास, क्रूसावरच्या ख्रिस्ताचे अगदी सुरुवातीच्या काळातले एक कोरीव रूप आहे.

पुढे आठव्या शतकात बायझंटाइन सम्राटांनी प्रतिमांवर बंदी घातली. त्यांच्या बाजूला आज्ञा होती, मूर्ती करू नको. दमास्कसचा योहान खलीफांच्या राज्यात राहत होता, म्हणून सम्राटाचा हात त्याच्यापर्यंत पोहोचला नाही, आणि त्याने प्रतिमांच्या बाजूने तीन निबंध लिहिले. अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही हे खरे, पण देव देहात दिसला, तर त्या दिसलेल्या देहाचे चित्र नाकारणे म्हणजे देह नाकारणे, हा त्याचा युक्तिवाद. ७८७ च्या निकाया येथील दुसऱ्या धर्मसभेने तो मान्य केला. आंद्रेई रुब्ल्योवने पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला केलेले त्रैक्याचे चित्र हे त्या विचाराचे सर्वांत सुंदर फळ. अब्राहामाकडे आलेल्या तीन पाहुण्यांची ती जुनी कथा. रुब्ल्योवने अब्राहाम, सारा आणि स्वयंपाकाची धावपळ गाळली. मेजाभोवती तीन देवदूत आणि मध्ये एक प्याला उरला. मेजाची चौथी, पाहणाऱ्याकडची बाजू मोकळी आहे. १५५१ मध्ये मॉस्कोच्या धर्मसभेने त्रैक्य रंगवताना रुब्ल्योवचाच कित्ता गिरवावा असे ठरवले.

सन ५०० च्या सुमारास डायोनिशियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या सीरियातल्या एका गूढवाद्याने एक विलक्षण सूचना केली होती. देवासाठी प्रकाश, सोने अशा भव्य प्रतिमांपेक्षा हीन, विजोड प्रतिमा सुरक्षित, कारण देव खरोखर किडा आहे असे कोणी समजणार नाही. प्रतिमेने आपले अपुरेपण अंगावर बाळगावे, हा विचार आज जास्त लागू आहे. १९४० मध्ये वॉर्नर सालमन या अमेरिकन चित्रकाराने काढलेला गोरा, मऊ केसांचा येशू कोट्यवधी प्रतींत जगभर गेला, आणि अनेक घरांत तोच येशूचा फोटो समजला जातो. तो विजोड वाटत नाही, हीच अडचण आहे.

मोकळी जागा दुसऱ्याच्या माथी मारली की काय होते, याचा इतिहास याहून काळा आहे. द्राक्षमळ्याच्या दुष्ट कुळांचा दृष्टान्त येशूने यरुशलेमच्या अधिकाऱ्यांपुढे सांगितला. ख्रिस्ती युरोपने शतकानुशतके तो सगळ्या यहुदी जमातीवर लावला. ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या नाटकांनी तेच केले. बव्हेरियातल्या ओबरआमरगाउ गावाने प्लेगच्या साथीत केलेल्या नवसातून १६३४ पासून हे नाटक सुरू केले. १९३४ चा प्रयोग हिटलरने पाहिला. युद्धानंतर त्याच्या संहितेत बदल होत गेले, आणि १९६५ मध्ये व्हॅटिकनच्या दुसऱ्या धर्मसभेने यहुद्यांवर सामूहिक दोष ठेवणे नाकारले. थोरला मुलगा म्हणजे ते लोक, असे जो म्हणतो तो दृष्टान्त चुकीच्या जागी उभे राहून ऐकतो.

मराठीत ही परंपरा आली ती मोठ्या विसंगतीतून. १५६० च्या दशकात पोर्तुगीज सत्तेखाली गोव्यातल्या साष्टीतली देवळे पाडली गेली, आणि ज्या पुराणांवर लोकांची मने पोसली होती ती त्यांच्यापासून तोडली गेली. १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांना नवख्रिस्ती माणसांची ही भूक दिसली. १६१६ मध्ये रायतूरला छापलेले त्यांचे ख्रिस्तपुराण दहा हजारांहून अधिक ओव्यांचे आहे. सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात पुराणिकाच्या आणि श्रोत्यांच्या रीतीने उलगडते. लिपी रोमन, छंद ओवीचा, आणि स्वर्गाला शब्द वैकुंठ. ज्या सत्तेने कथा हिरावल्या तिच्याच आश्रयाने ही कथा आली, हे विसरून चालणार नाही. पण प्रत्येक शब्दागणिक स्टीफन्स मराठी श्रोत्याचा मान राखतात हेही तितकेच खरे. मंगळूरच्या ख्रिस्ती समाजात, टिपूच्या कैदेतल्या वर्षांत या पुराणाने श्रद्धा तगवली, अशी आठवण सांगितली जाते.

नारायण वामन टिळकांची वाट वेगळी. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीला ख्रिस्ताकडे जाताना तुकोबांचा हात सोडावा लागला नाही. प्रॉटेस्टंट देवळांच्या भिंती कोऱ्या असत आणि क्रूस रिकामा. तिथे प्रतिमेचे सगळे काम टिळकांच्या अभंगांनी आणि कीर्तनांनी केले. त्यांचा ख्रिस्त माउली आहे. आपल्या कानांना ही हाक सरावाची, म्हणून ती वारकऱ्यांकडून आली एवढेच आपण म्हणतो. पण येशूने स्वतःला पिल्ले पंखांखाली घेणारी कोंबडी म्हटले होते, आणि चौदाव्या शतकात इंग्लंडमधल्या नॉरिचच्या ज्युलियनने ख्रिस्ताला आई म्हणून विस्ताराने लिहिले होते. टिळकांच्या हातून दोन परंपरा जिथे आधीच जवळ होत्या तिथे जुळल्या. त्यांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि ते १९३८ मध्ये छापून निघाले.

आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोव्याच्या चित्रकाराने शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि आयुष्याची पुष्कळ वर्षे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काढली. त्यांची मरिया साडी नेसते, सावळी आहे, जमिनीवर बसते. गोव्यात यावरून त्यांच्यावर टीका झाली. मरिया नासरेथची, साडी कुठून आली, असे म्हणणाऱ्यांना युरोपी झग्यातली मरिया मात्र खटकली नव्हती. फोन्सेकांची चित्रे पाहताना आपण परके राहत नाही. गव्हाणीतले बाळ आपल्या अंगणात आले आहे, आता त्याचे काय करायचे ते आपण ठरवायचे.

एक अपुरेपण मात्र जाणवते. टिळकांची भाषा अभंगाची, स्टीफन्सची पुराणाची. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत आलेली बहुसंख्य माणसे महार आणि मांग समाजांतली होती. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दृष्टान्त त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता. मळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, मग नऊला, दुपारी, तीनला आणि दिवस मावळायच्या तासभर आधी. मजुरी वाटताना शेवटच्यांपासून सुरुवात होते आणि सगळ्यांना एकच दीनार मिळतो. पहाटेपासून राबलेले तक्रार करतात, तेव्हा धनी त्यांनाच उलट विचारतो की माझे चांगुलपण तुम्हाला खुपते का. इथेही गोष्ट प्रश्नावर थांबते. मराठी देवळांतली प्रवचने बहुधा याचा अर्थ लगेच सांगतात: उशिरा विश्वास ठेवणाऱ्यालाही तीच कृपा. अर्थ बरोबर असेल. पण दिवस मावळताना उभे असलेल्या मजुरांना धनी विचारतो, तुम्ही दिवसभर रिकामे का उभे, आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावले नाही. हे वाक्य प्रवचनात सहसा ओलांडले जाते. मजूर नाक्यावर दुपारपर्यंत थांबून परत गेलेल्या माणसाला ते वाक्य आधी ऐकू येईल. त्याने हा दृष्टान्त पुढे कसा सांगितला असता, ते मराठी ख्रिस्ती साहित्यात पुरेसे लिहिले गेलेले नाही. ते लिहिले जायला हवे.